सूक्ष्मदर्शकाखालचा एंडोमेट्रिओसिस



व्याख्यानमालेच्या चिटणीसांचे पत्र आले तेव्हा त्यात विषय म्हणून 'स्त्रियांचे आरोग्य' असे मोघम लिहिले होते. मी उलट कळवले की, आम्हां विकृतिशास्त्रज्ञांना मोघम बोलण्याची सवय नाही. आमचा सगळा जन्म नखाएवढ्या तुकड्यावर डोळा लावून बसण्यात जातो. तेव्हा एकाच रोगाविषयी, आणि तोही सूक्ष्मदर्शकाखाली कसा दिसतो एवढ्याविषयीच मी बोलेन. चिटणीसांनी सौजन्याने होकार दिला. मात्र रोगाचे नाव लिहिताना रंगाऱ्याची तारांबळ उडालेली दिसते, हे दारावरचा फलक पाहून आपल्या ध्यानात आलेच असेल. नाव कठीण आहे खरे. एंडोमेट्रिओसिस. त्याला मराठीत रूढ झालेला शब्द नाही. 'बाजूला बसली', 'कावळा शिवला' अशा आडवळणांनी ज्या गोष्टीचा उल्लेख व्हायचा, तिच्यातल्या एका विकाराला घरगुती नाव पडले नाही, यात नवल ते काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे १९ कोटी स्त्रियांना, म्हणजे पाळी येण्याच्या वयातल्या दहांपैकी एकीला, हा विकार असतो. या सभागृहात बसलेल्या भगिनींवरून हिशेब करा, म्हणजे मी दूरच्या गोष्टी सांगायला आलेली नाही हे पटेल.

काही वर्षांपूर्वी एका दुपारी माझ्या प्रयोगशाळेत साठीच्या एक बाई आल्या. हातात घड्या घालून घालून मऊ झालेला एक कागद होता. तो माझ्याच सहीचा अहवाल होता. त्या म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, यात काय लिहिलंय ते मला मराठीत सांगा." मी सांगितले की, तुमच्या सुनेची दुर्बिणीतून तपासणी झाली तेव्हा ओटीपोटाच्या अस्तराचा एक तुकडा काढला होता, तो तपासला, त्यात एंडोमेट्रिओसिस आढळला नाही. "म्हणजे तिला काही नाही?" मी म्हटले, "या तुकड्यात नाही." त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "घरात सगळे म्हणतात, कागदावर काही नाही म्हणजे दुखत नाही. माझा मुलगाही तसंच म्हणायला लागलाय. पण बाई, तिच्या शेजारच्या खोलीत मी झोपते. दर महिन्याला दोन रात्री ती पोटाशी उशी धरून उकिडवी बसलेली असते, दिवा न लावता. सोंगच करायचं तर माणूस दिवा लावून करेल."

माझ्याजवळ याला उत्तर नव्हते. त्या तुकड्याचे पुढे काय झाले ते मी सांगणार आहे. पण ते समजायला असल्या तुकड्यात आम्ही शोधतो तरी काय, हे आधी समजले पाहिजे.

गर्भाशयाच्या आतल्या पोकळीला एक अस्तर असते. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात मुख्यतः दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे ग्रंथी. त्या बारीक नळ्यांसारख्या असून आतून उंच पेशींनी मढवलेल्या असतात. आडव्या कापल्या की बांगडीसारख्या गोल दिसतात. दुसरी गोष्ट म्हणजे या ग्रंथींच्या भोवतीची, लहान लहान पेशींनी दाट भरलेली जमीन. तिला आपण आधारपेशींचा थर म्हणू. विहिरी आणि त्यांच्या भोवतीची माती, असे चित्र मनात धरले तरी चालेल. दर महिन्याला हे अस्तर वाढते, जाड होते आणि गर्भ राहिला नाही तर गळून पडते. तीच पाळी. आता अशाच विहिरी आणि अशीच माती गर्भाशयाच्या बाहेर, म्हणजे उदराच्या अस्तरावर, बीजांडकोशावर, आतड्याच्या भिंतीत आढळली, तर तो एंडोमेट्रिओसिस. ती भलत्या जागची जमीनही शरीरातल्या त्याच संप्रेरकांचे ऐकते. तिच्यातूनही रक्त झिरपते. परंतु त्याला बाहेर पडायला वाट नसते.

असल्या ग्रंथी भलत्या ठिकाणी सापडतात हे व्हिएन्नाच्या रोकिटान्स्की यांनी १८६० साली लिहून ठेवले होते. पण या विकाराला त्याचे नाव आणि रूप मिळाले ते अमेरिकेतल्या ऑल्बनी गावच्या जॉन सॅम्पसन या शल्यविशारदामुळे. बीजांडकोशातल्या, दाट तपकिरी रक्ताने भरलेल्या गाठींवर त्यांनी १९२१ साली निबंध लिहिला. त्या गाठींना इंग्रजीत चॉकलेटचे नाव पडले आहे. मला विचाराल तर ते रक्त चॉकलेटपेक्षा काकवीसारखे अधिक दिसते. पण सॅम्पसनसाहेबांनी काकवी पाहिली नसावी. पुढे १९२७ साली त्यांनी असे मांडले की, पाळीच्या वेळी गळणाऱ्या अस्तराचे काही कण बीजवाहिन्यांतून उलटे पोटात जातात आणि तिथे रुजतात. तरव्यातले भाताचे रोप उपटून खाचरात लावावे तशातला हा प्रकार. ही उपपत्ती आजही पुष्कळांशी मान्य आहे. मात्र तिच्यात एक अडचण आहे. बीजवाहिन्या मोकळ्या असलेल्या बहुतेक सर्वच स्त्रियांच्या पोटात पाळीच्या वेळी थोडे रक्त उतरते. मग रोप सगळ्यांच्याच खाचरात का धरत नाही? हा प्रश्न सुटलेला नाही. शिवाय पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगासाठी स्त्री-संप्रेरके दिलेल्या क्वचित एखाद्या पुरुषातही हा विकार सापडला आहे, आणि तिथे तर मुळात तरवाच नाही. म्हणून काही विद्वान म्हणतात की, पोटाच्या अस्तरातल्या पेशींचेच रूपांतर होत असावे. मला स्वतःला असे वाटते की, एकाच किल्लीने ही सगळी कुलुपे उघडणार नाहीत. आणि असे वाटण्याचे कारण मला काचेवर दिसते.

काच म्हणजे काय ते आधी सांगते. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा आमच्याकडे फॉर्मालिनमध्ये बुडवून येतो. त्यातले पाणी काढून तो पॅराफिनच्या मेणात बसवतात, आणि मग यंत्राने त्याचे चार मायक्रॉन जाडीचे काप काढतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्यावरच्या केसाची जाडी याच्या पंधरावीस पट असते. हा काप काचेवर घेऊन दोन रंगांत रंगवतात. त्यातला निळाजांभळा रंग मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडापासून काढतात, आणि गुलाबी रंग इओसिन नावाचा असतो. पेशींची केंद्रे जांभळी होतात, बाकीचे गुलाबी. एवढ्या दोन रंगांच्या भांडवलावर आमचे शास्त्र दीडशे वर्षे चालले आहे.

आता या काचेवर हा एकच रोग किती वेगवेगळी सोंगे घेतो ते पाहा.

पहिले रूप उदराच्या अस्तरावरचे. शल्यविशारदाला दुर्बिणीतून तिथे तांबडे, काळे किंवा पांढरे डाग दिसतात. तांबड्या डागाचा काप पाहिला तर ग्रंथी आणि आधारपेशी दोन्ही ताज्या असतात आणि भोवती बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. हे नुकते धरलेले रोप. काळा डाग नुसत्या डोळ्यांना फुलबाजीची ठिणगी पडून करपलेल्या कापडासारखा दिसतो. काचेवर त्याचा उलगडा होतो. वारंवार रक्तस्राव होऊन तिथे लोह साचलेले असते आणि ते गिळून फुगलेल्या तपकिरी भक्षक पेशी गर्दी करून बसलेल्या असतात. ते लोहच आहे ना, अशी शंका आली तर पेर्ल्स यांनी १८६७ साली सांगितलेली रंगक्रिया करतात. लोह असले तर गर्द निळे उमटते. पांढऱ्या डागात मात्र बहुतेक जागा तंतूंनी व्यापलेली, एखाद्या जुन्या व्रणासारखी. त्यात ग्रंथी असली तर एखादीच, आणि कधी तीही नाही. सामान्यतः तांबडा डाग आधीचा आणि पांढरा नंतरचा असे मानतात.

दुसरे रूप बीजांडकोशातल्या त्या काकवीच्या गाठीचे. याच्यावर मी थोडी अधिक रेंगाळणार आहे, कारण इथे आमच्या काचेवरची गोष्ट तरुण मुलींच्या संसाराला जाऊन भिडते. गाठीच्या आतल्या बाजूला अस्तर असते, पण रक्ताच्या दाबाने ते चपटे झालेले किंवा झिजून गेलेले. पुष्कळदा तपकिरी भक्षक पेशी आणि तंतू एवढेच हाती लागते. गाठ दिसायला पिशवीसारखी. म्हणून साहजिकच असे वाटे की, ही पिशवी ओढून काढली म्हणजे रोग गेला आणि बीजांडकोश मागे राहिला. १९५७ साली ह्यूजडन नावाच्या ब्रिटिश विकृतिशास्त्रज्ञाने असे बीजांडकोश कापून पाहिले आणि दाखवले की, पुष्कळ गाठींत ही पिशवी निराळी नसतेच. आपण मोदकाची उकड अंगठ्याने दाबून वाटी करतो. त्या वाटीची भिंत उकडीचीच असते ना? तसेच इथे होते. रोगाचा डाग बीजांडकोशाच्या पृष्ठभागावर चिकटतो, तिथला पृष्ठभाग आत दबत जातो आणि वाटीचे तोंड बंद होते. गाठीची भिंत म्हणजे बीजांडकोशाचाच आत वळलेला बाहेरचा थर होय. आणि स्त्रीची उपजत बीजे असतात ती नेमक्या त्याच थरात.

काढून पाठवलेली असली 'पिशवी' मी पाहते तेव्हा कधी कधी तिच्यात त्या बारीक, गोल बीजकोशिका ओळीने बसलेल्या दिसतात. जन्मतः मिळालेली ती पुंजी. तिच्यात पुढे भर पडत नाही. दिसल्या की मी त्या अहवालात मुद्दाम नोंदवते. शस्त्रक्रिया करूच नये असे माझे म्हणणे नाही. वेदना असह्य असली, गाठ मोठी असली किंवा तिच्याविषयी संशय असला, तर ती करावीच लागते. पण ज्या मुलीला पुढे मूल हवे आहे तिला, आणि तिच्या घरच्यांना, ही मोदकाची गोष्ट शस्त्रक्रियेच्या आधी कोणी तरी सांगितली पाहिजे. दोन्ही बाजूंना गाठी असल्या तर अधिकच.

तिसरे रूप खोलवर शिरलेल्या रोगाचे. उदराच्या अस्तराखाली पाच मिलिमीटरांपेक्षा अधिक खोल गेला की त्याला खोल एंडोमेट्रिओसिस म्हणण्याचा प्रघात आहे. गर्भाशयाला मागून धरणारे बंध, योनी आणि गुदाशय यांच्यामधली जागा, आतड्याची भिंत ही त्याची ठिकाणे. नवशिक्या डॉक्टराला ही काच दिली तर तो गोंधळतो, कारण जिकडे तिकडे गुळगुळीत स्नायू आणि तंतू माजलेले असतात. जून फणस फोडावा आणि आत चिवट चोथाच फार, गरा कुठे एखादा, अशी अवस्था. ग्रंथी शोधाव्या लागतात. पण याच काचेवर दुसरी एक गोष्ट दिसते : त्या तंतूंमध्ये अडकलेले आणि रोगाने वेढलेले मज्जातंतू. शौचाला बसताना किंवा पतीजवळ जाताना कळ का येते, असे एखादी स्त्री विचारते, म्हणजे फार धीर करून विचारते. त्याचे निदान काही उत्तर या काचेवर असते. १९९७ साली बेल्जियममधल्या नीझोल आणि दोने यांनी असे प्रतिपादन केले की, अस्तरावरचा, बीजांडकोशातला आणि या खोल जागेतला असे हे तीन निरनिराळे विकारच आहेत. ते सर्वांना मान्य झाले नाही, तथापि तिन्ही काचा शेजारी ठेवल्या की त्यांच्या म्हणण्यात तथ्य वाटू लागते.

चौथे रूप पोटावरच्या व्रणातले. सिझेरियन शस्त्रक्रियेनंतर, कधी कित्येक वर्षांनी, टाक्यांजवळ गाठ येते आणि ती पाळीच्या दिवसांत दुखते. हर्निया म्हणून, टाक्याचा दोरा राहिला म्हणून तिच्यावर उपचार होत राहतात. आमच्या दृष्टीने ही काच सोपी : चरबी आणि तंतूंच्या मध्ये ठसठशीत ग्रंथी आणि आधारपेशी. इथे सॅम्पसनच्या तरव्याची उपपत्ती बहुतेकांना पटते, कारण शस्त्रक्रियेच्या वेळी रोप तिथे कसे पोचले हे उघड आहे. गर्भाशयाच्या स्नायूतच ग्रंथी शिरतात तो विकार याचा भाऊबंद; त्याला हल्ली निराळा मानतात, म्हणून मी तो सोडून देते.

निदानाचा साधा नियम असा की, ग्रंथी, आधारपेशी आणि जुन्या रक्तस्रावाची खूण या तिहींपैकी दोन दिसल्या पाहिजेत. नियम चांगला आहे, पण रोग नियम वाचून येत नाही. कधी नुसत्याच आधारपेशी असतात, ग्रंथी नसते. त्या ओळखायला २००२ च्या सुमारापासून सी. डी. १० नावाची एक विशेष रंगक्रिया उपयोगी पडू लागली; तिने आधारपेशी तपकिरी उठून दिसतात. गरोदर स्त्रीमध्ये याच आधारपेशी फुगून अशा मोठ्या आणि फिकट होतात की, सिझेरियनच्या वेळी ते पुंजके पाहून कर्करोगाची शंका यावी. आणि २०१८ साली काही संशोधकांनी असेही सुचवले की, या रोगाची व्याख्याच उलटी करावी : तंतूंची वाढ हे मुख्य, आणि ग्रंथी व आधारपेशी हे त्यात सापडणारे. मला हे पुष्कळसे पटते. आम्ही इतकी वर्षे गरे मोजत बसलो आणि चोथ्याकडे पाहिले नाही.

आता त्या बाईंच्या सुनेचा तुकडा. तो चार मिलिमीटर जाडीचा होता. चार मिलिमीटरांचे चार मायक्रॉनचे काप किती होतात? हजार. या हजारांपैकी मी पाहिले होते चार. चार कापांवर मी 'आढळला नाही' असे लिहिले, आणि ते शब्दशः खरे होते. परंतु घरी पोचेपर्यंत त्याचे 'काही नाही' झाले, आणि आणखी काही दिवसांनी 'दुखत नाही' झाले. कागदावरचे शब्द माझ्या टेबलावरून उठून त्या घरात गेल्यावर काय करतील, याचा विचार मी केला नव्हता. ही चूक माझी.

मेणातले तुकडे आम्ही जपून ठेवतो. मी तो पुन्हा काढवला आणि खोलवर कापायला सांगितले. आमचे तंत्रज्ञ कुरकुरले. त्यांचे खरेही होते, टेबलावर इतर रोग्यांचे काम पडले होते. बऱ्याच कापांनंतर एका कोपऱ्यात तंतूंमध्ये दबलेली एकच बांगडी दिसली, तिच्याभोवती आधारपेशींची अरुंद किनार, आणि पलीकडे चारसहा तपकिरी पेशी. मी नवा अहवाल लिहिला. बाई तो न्यायला स्वतः आल्या. या वेळी मराठीत सांगा असे त्या म्हणाल्या नाहीत. फक्त सही नीट आहे ना ते पाहिले, आणि कागद पिशवीत न ठेवता पदराखाली धरून गेल्या.

आपण म्हणाल, सापडला, बरे झाले. मला तेव्हापासून उलटाच प्रश्न छळतो. तो कोपरा शल्यविशारदाच्या चिमट्यात आलाच नसता तर? किंवा रक्त थांबवण्यासाठी दिलेल्या विजेच्या डागणीने तो करपून गेला असता तर? हे रोज होते. मग मी हजारही काप पाहिले असते तरी काही दिसले नसते, आणि ती मुलगी तशीच अंधारात बसून राहिली असती. युरोपातल्या मानवी प्रजनन आणि भ्रूणशास्त्राच्या संस्थेने २०२२ साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली त्यांत हे स्पष्टच म्हटले आहे की, तुकड्यात रोग सापडला नाही म्हणून तो नाहीच असे म्हणता येत नाही. लक्षणांवरून आणि सोनोग्राफीसारख्या तपासण्यांवरून संशय आला तर शस्त्रक्रियेवाचूनही औषधोपचार सुरू करावेत, असा आता कल आहे. आमच्या विद्येचा मान यामुळे थोडा कमी झाला असे काही सहकाऱ्यांना वाटते. मला तसे वाटत नाही.

तसेच याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ओटीपोटातली प्रत्येक कळ एंडोमेट्रिओसिसची नसते. आणि रोग किती पसरला यावरून वेदना किती हे ठरत नाही. नारळाएवढी काकवीची गाठ घेऊन कुरकुर न करता हिंडणाऱ्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत, आणि तांदळाच्या कणीएवढ्या डागाने अंथरुणाला खिळलेल्याही. तेव्हा 'एवढ्याशा डागाने इतकं दुखतं का?' हा प्रश्न, तो नवऱ्याने विचारलेला असो की डॉक्टराने, निरर्थक आहे. 'लग्न झालं की थांबेल', 'मूल झालं की थांबेल' हा सल्लाही त्याच मालिकेतला. या सल्ल्यांतच वर्षे जातात. लक्षणे सुरू झाल्यापासून रोगाला नाव मिळेपर्यंत अनेक देशांत सरासरीने चार ते बारा वर्षे लागतात. म्हणजे शाळेत असताना पोट दुखू लागलेल्या मुलीला रोगाचे नाव कळते ते कधी कधी तिचे लग्न ठरण्याच्या सुमाराला.

कर्करोगाविषयी कोणी तरी विचारणारच, म्हणून आधीच सांगते. बीजांडकोशातल्या गाठीतून काही विशिष्ट जातींचे कर्करोग क्वचित उद्भवतात. सॅम्पसनने १९२५ सालीच ते दाखवले होते. एंडोमेट्रिओसिस असलेल्या स्त्रीला ही भीती इतरांहून थोडी जास्त, पण शंभरांतल्या सत्त्याण्णवांहून अधिक जणींना बीजांडकोशाचा कर्करोग कधीच होत नाही. २०१७ साली एक चमत्कारिक गोष्ट उघड झाली. कर्करोगाचा मागमूस नसलेल्या खोल रोगातही, फक्त ग्रंथींच्या पेशींत, आधारपेशींत नव्हे, कर्करोगाशी संबंधित जनुकांमधले बदल सापडले. विहीर बदललेली आणि माती तशीच. हे बदल तिथे काय करतात हे अजून उलगडायचे आहे. त्यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही, पण गाठ वेगाने वाढली किंवा पाळी गेल्यावरही राहिली तर तपासून घ्यावी.

माझी वेळ झाली आहे, असे अध्यक्षमहाशय घड्याळाकडे पाहून सुचवत आहेत. मागच्या टेबलावर मी दोन सूक्ष्मदर्शक आणि चार काचा ठेवल्या आहेत : एक काळ्या डागाची, एक बीजांडकोशाच्या भिंतीची, एक खोल रोगाची आणि एक व्रणातल्या गाठीची. कोणाचीही नावे त्यांवर नाहीत. दुसऱ्या काचेत डावीकडे वर पाहिलेत तर ओळीने बसलेल्या बीजकोशिका दिसतील. ज्यांना चष्मा आहे त्यांनी तो काढून पाहिले तरी चालेल. बाजूचे मोठे चक्र मात्र कोणी फिरवू नये, काच फुटते. अंधुक दिसले तर मला हाक मारा. आणि पुरुष मंडळींनीही रांगेत उभे राहायला हरकत नाही.